मास्तरीणबाईंची ओटी

गुरुवारी सकाळी गोपाळ मास्तर मळ्यात आले तेव्हा हिंमतराव विहिरीवर होते. मास्तरांनी त्यांना हाक मारली नाही. कोबीचे गड्डे पोत्यांत भरत बसलेल्या बायकांपाशी ते घटकाभर थांबले, "गाडी आज चिखलीला लवकर निघणार वाटतं," असं काहीतरी म्हणाले, आणि गड्ड्यांच्या ढिगावर एक पाकीट ठेवून आल्या वाटेनं निघून गेले. वाऱ्यानं उडू नये म्हणून पाकिटावर दगड ठेवायला मात्र विसरले नाहीत.

हिंमतराव ओले पाय झटकत आले, तोवर पाकिटात काय आहे ते घरात सगळ्यांना कळलं होतं. त्याचा अर्थ काय लावायचा, तेवढं कोणाला कळत नव्हतं.

"वाचा आता," धाकटे भाऊ अर्जुनराव म्हणाले. "वाचाले त्याईनंच शिकवलं तुमाले."

ते खरंच होतं. चार वर्षांपूर्वी, नवं राज्य झालं त्या उन्हाळ्यात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हिंमतराव मास्तरांकडे अक्षरं गिरवायला बसले होते; शाळा सुटल्यावर, दार लोटून घेऊन, कोणी पाहील या धास्तीनं. आता बाजारच्या दिवशी अमडापुरातली चार माणसं त्यांच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत. मास्तरांनी फी घेतली नव्हती. फी म्हणून नेलेली वांगी त्यांनी तोलून घेतली होती आणि वांग्यांचे पैसे दिले होते.

हिंमतरावांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. अडखळत नाही वाचली. पण सावकाश वाचली. "आपली भावना पोचली. चारशे रुपये साभार परत. गेल्या बाजारच्या मेथीचे वीस पैसे द्यायचे राहिले होते, तेही सोबत आहेत. आपला, गोपाळ."

अर्जुनरावांची बायको रुख्मिणी फिसकन हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. "वीस पैशे बी हायेत. मी पाह्यले."

"हासू नको व," जनकाबाई म्हणाल्या. त्या हिंमतरावांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यावर अठरा वर्षांपूर्वी भावांकडे आल्या आणि मळ्यातल्या भाजीवर त्यांचा हात बसला तो बसलाच. "सोमवारी जाचं हाये मुंबईले. बुधवारी तिथं हजर. आन हा मानूस मेथीचे पैशे देऊन राह्यला."

मास्तरीणबाईंच्या, म्हणजे प्रतिमाच्या, छातीत गाठ होती. ती पहिल्यांदा हाताला लागली जनकाबाईंच्या, भाद्रपदात, नदीवर. नवऱ्याला सांगायला प्रतिमा लाजत होती. जनकाबाईंनी स्वतः जाऊन मास्तरांना सांगितलं, आणि सांगताना त्यांच्याकडे पाठ करून सांगितलं. मग अकोल्याचा डॉक्टर झाला. त्यानं कॅन्सर म्हटलं आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. बुधवार चुकला तर पुन्हा नंबर दोन महिन्यांनी लागेल, आणि तेवढी वाट पाहू नका, असंही तो म्हणाला. दवाखान्याचा खर्च फार नव्हता. पण अडीच-तीन महिने मुंबईत राहायचं, खोलीचं भाडं, दूध, औषध, आणि मास्तरांची रजा अर्ध्या पगाराची. लेक स्नेहलता आजोळी मेहकरला ठेवून झाली होती. फंडातून पैसे काढायचा अर्ज वर गेला होता आणि वरच होता.

"काय म्हनतात मास्तर?" सत्यभामाबाईंनी विचारलं. त्या हिंमतरावांच्या पत्नी. गड्डे मोजायचं काम त्यांनी थांबवलं नव्हतं.

"मंजुरी आली की जाऊ म्हनते," हिंमतराव म्हणाले.

"मंग जातीन. त्याईची बायको हाये. आपन जबरदस्ती करनार हाओत का?"

"मी तेच म्हनून राह्यलो, वैनी," अर्जुनराव म्हणाले. "त्याईनं वापस केले ना? बस. इंजिनासाठी जमवलेले पैशे इंजिनाले लागतीन. दोन वर्सं झाले, मोट हाकून हाकून बैलाईच्या माना सुजल्या."

"आन मी दोन वर्सं इंजिन इंजिन आयकून राह्यली," सत्यभामाबाई म्हणाल्या.

दीर आणि भावजय एका बाजूला आहेत हे दृश्य त्या घरात नवं होतं. हिंमतरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बायकोच्या जिवावर बेतलं असताना माणूस आलेले पैसे परत का करतो? त्यांनी स्वतःला मास्तरांच्या जागी ठेवून पाहिलं, जमेना. हा माणूस पोरांच्या पाट्यांवरच्या चुका खोडताना आधी "बघ हं, मला वाटतं इथं काना हवा" असं म्हणतो. एवढ्या मऊ माणसात हे कुठलं कठीण लपलेलं होतं?

"काऊन घेत नसतीन?" ते म्हणाले.

"घमंड," अर्जुनराव म्हणाले.

"भेव," जनकाबाई म्हणाल्या.

"कायचं भेव, अक्का?" हिंमतरावांनी विचारलं.

"घेतले, आन बाई वाचली नाई, तर? मंग जलमभर तुह्या तोंडाकडे पाहाचं ना त्याईले. रोज. या गल्लीतून त्या गल्लीत जाता-येता."

अर्जुनरावांनी एक पोतं शिवायला घेतलं.

"पन मी म्हनते," रुख्मिणी म्हणाली. तिची ही सवय होती. सगळे गप्प झाले की तिला प्रश्न सुचत. "मास्तर नाई घेत. मास्तरीणबाईले कोनी इचारलं का?"

"त्या काय वेगळं सांगतीन?"

"इचाराचं नाईच. ओटी भराची. बाई मुंबईले चालली, एवढी दूर, आपन रिकाम्या हातानं पाठवनार का? खन, नारळ, तांदूळ. तांदळाखाली कोन पाह्यते? आन ओटी कोनी वापस करते का?"

दाभण अर्जुनरावांच्या हातात तसंच राहिलं. हिंमतराव हळूच हसले. आणि सगळ्यात नवल म्हणजे सत्यभामाबाईंनी गड्डे खाली ठेवले.

"पाच सवाशिणी लागतीन," त्या म्हणाल्या. "मी, तू, शेजारची कोकिळा, आनखी दोघी पाहू. पयली मी भरीन. आन खनावर भागवू नका, पातळ घेऊ. हिरवं. घडीत नोटा बसतात बराबर."

अर्जुनराव आपल्या वहिनीकडे पाहतच राहिले. "वैनी, तुमी तं आताच माह्या बाजूनं होत्या."

"पैशे देनं तुमा मानसाईचं काम. त्यात मी काय बोलू? ओटी आमचं काम हाये."

हे खरं कारण होतं की नाही, सांगता येत नाही. अठरा वर्षं त्या घरातला प्रत्येक बेत जनकाबाईंच्या तोंडून निघत आला होता, आणि हा एक बेत असा होता की त्यात जनकाबाईंना जागा नव्हती. सत्यभामाबाईंच्या मनात ते आलं असेल. नसेलही.

"म्हंजे इंजिन नारळात गेलं," अर्जुनराव म्हणाले आणि पोतं शिवू लागले.

जनकाबाई उठून झोपडीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात फडक्याची एक गाठ होती. ती त्यांनी रुख्मिणीच्या मांडीवर ठेवली. "साठ हायेत. तुह्या हातानं घाल." मग सत्यभामाबाईंकडे न पाहता म्हणाल्या, "मी बाहीर बसीन. मले समजते."

*

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला प्रतिमा ट्रंकेत कपडे ठेवायचे की नाही या विचारात बसली होती. मास्तर शाळेत गेले होते. जाताना ते म्हणाले होते, "अर्ज बहुतेक सोमवारपर्यंत खाली येईल," आणि तिच्याकडे पाहायचं टाळून चष्मा पुसत राहिले होते. खोटं बोलताना ते चष्मा पुसत, आणि चष्मा नसताना त्यांना समोरचं दिसत नसे. ही सोय त्यांनी मुद्दाम केली असावी का, असं तिच्या मनात आलं होतं.

तिला काय झालंय हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. 'गाठ आहे, काढतील' एवढंच. पण अकोल्याच्या डॉक्टरची चिठ्ठी तिनं मास्तर आंघोळीला गेले असताना वाचली होती. इंग्रजी तिला पाचवीपुरतं येत होतं. तो शब्द पाचवीच्या पुस्तकात नव्हता, तरी लागला. तेव्हापासून तिला भीतीपेक्षा प्रश्नच जास्त पडत. भूल देतात म्हणजे काय करतात? वीज लावतात ती अंगाला लागते का? मुंबईत पाणी कुठून भरायचं? हे विचारायचं कोणाला, कारण विचारलं की तिला माहीत आहे हे कळणार.

दारात बायकांची चाहूल लागली. सत्यभामाबाई पुढे, हातात हळदी-कुंकवाचं ताट. मागे रुख्मिणी, कोकिळा, आणखी दोघी.

"बसा ना," प्रतिमा म्हणाली. "आज काय?"

"काई नाई. असंच," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पाट कुठं हाये? बसा तुमी पाटावर. पूर्वेकडे तोंड करा."

प्रतिमा बसली. कुंकू लागलं. मग ताटावरचं फडकं निघालं आणि खाली हिरवं पातळ दिसलं. कोरं, काठाला पिवळी रेघ असलेलं.

सण नव्हता, बारसं नव्हतं, कुणाचं डोहाळजेवण नव्हतं. पाच सवाशिणी होत्या. बोलायला कोणी तयार नव्हतं, एरवी चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत बोलणारी रुख्मिणीसुद्धा. तिचे डोळे भरले होते. कोकिळा छताकडे पाहत होती.

मेहकरला मावशीच्या घरी प्रतिमानं हे पाहिलं होतं. ती अकरा वर्षांची होती. वैद्यानं हात टेकल्यावर दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या, मावशीला भिंतीला टेकवून बसवलं, हिरवी साडी मांडीवर ठेवली आणि एकेकीनं ओटी भरली. सवाष्ण चाललीय, भरल्या ओटीनं जाऊ दे. मावशीला वाटलं होतं सण आहे. संध्याकाळी ती गेली.

सत्यभामाबाईंनी तांदळाची ओंजळ पुढे केली. प्रतिमानं पदर पसरला नाही.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काय?"

"मी जाणार ते. दिवस सांगितला का डॉक्टरांनी? ह्यांनी सांगितलं?" तिचा आवाज शांत होता, कुतूहल असल्यासारखा. "तुम्ही नका घाबरू. मला कॅन्सर झालाय ते मला महिन्यापासून माहीत आहे. मला फक्त हे कळेना, की एवढ्या लवकर का."

रुख्मिणी हुंदका देऊन रडू लागली, आणि मग सगळंच बिघडलं.

"आवं बाई, काय बोलून राह्यल्या!" सत्यभामाबाईंच्या ओंजळीतले तांदूळ सांडले. "ते नाई हे! आवं ते नाई!"

"मग हिरवं पातळ कशाला?"

"हिरवं... ते दुकानात..." सत्यभामाबाईंनी रुख्मिणीकडे पाहिलं. रुख्मिणी नाक पुसत होती. तिच्याकडून मदत मिळणार नव्हती.

"मी मुंबईला जात नाही," प्रतिमा म्हणाली. "तिकडे मरायचं तर इथं काय वाईट? ह्यांचे पैसे तरी वाचतील. स्नेहाला उपयोगी पडतील. तुम्ही ओटी भरा, मी घेते. मावशीसारखी फसून नाही घेणार, एवढंच." आणि तिनं पदर पसरला.

आता मात्र सत्यभामाबाईंना घाम फुटला. कालपासून त्यांना हा बेत आपला वाटत होता. कोणत्या नारळाखाली किती, पातळाच्या कोणत्या घडीत काय, सगळं त्यांनी लावलं होतं. एक गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती, की आजारी बाईच्या घरी पाच बायका हिरवं पातळ घेऊन शिरल्या तर तिला काय वाटेल. त्यांनी पातळ उचललं आणि जोरात झटकलं. नोटा जमिनीवर पडल्या.

"हे घ्या! पाहा! पैशे हायेत! मास्तर घेत नाईत म्हून असं आनलं. बुधवार चुकू नये म्हून. मरनाची ओटी आनाले मी काय पागल हाओ?"

प्रतिमानं एक नोट उचलली. उलटसुलट करून पाहिली. मग एकेका बाईच्या तोंडाकडे.

"नुसते पैसे?"

"नुसते पैशे."

"ओटीचं नुसतं निमित्त?"

"हाव ना, बाई."

"खरं?"

"माह्या लेकराईची शप्पथ."

प्रतिमा विचार करत राहिली. विश्वास ठेवायची तिला इच्छा होती, ते दिसत होतं. पण लोक आजारी माणसाशी कसे गोड बोलतात, हेही ती महिनाभर पाहत होती. शपथा तर मावशीच्या घरीही घेतल्या होत्या.

"जनकाबाई का नाही आल्या?" तिनं विचारलं.

मग कोकिळानं दाराकडे बोट केलं. "त्या भाईर हायेत. पायरीवर."

"नुसते पैसे असतील तर त्यांनी द्यायला काय हरकत आहे? त्यांना आत बोलवा. त्यांनी भरू दे. आणि त्यांना चालत नसेल, तर मग ही ओटीच आहे. कोणती ते मला कळलं."

बाहेर पायरीवर जनकाबाईंनी हे ऐकलं असणार.

सत्यभामाबाई उभ्याच होत्या. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्यांनी जनकाबाईंना हळदीपासून दूर बसवलं होतं. वाईट मनानं नाही, तसंच करतात म्हणून. मुंजाबाच्या नैवेद्याला, डोहाळजेवणाला, संक्रांतीच्या वाणाला. ती रेघ त्यांनी आखलेली नव्हती. पण तिच्यावर पहारा मात्र अठरा वर्षं त्यांचाच होता, आणि घरात एवढी एकच गोष्ट अशी होती जिथं नणंदेचं काही चालत नसे. समोर गल्लीतल्या तीन बायका उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं. आजारी बाईची ओटी विधवेच्या हातून. काही कमीजास्त झालं तर बोट कोणाकडे जाईल, हेही त्यांना कळत होतं. आणि नाही म्हटलं तर ही बाई सोमवारी गाडीत बसणार नाही.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग तोंड न वळवता, मळ्यात कामाला हाक मारावी तशी हाक मारली, "अक्काबाई, आत या."

"मी?" बाहेरून आवाज आला. "येड लागलं का तुले, सत्यभामा?"

"या म्हनते ना. उन्हात काऊन बसल्या?"

जनकाबाई उंबऱ्यात येऊन थांबल्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. आयुष्यभर सगळ्यांना कामं सांगणाऱ्या त्या बाईला आपले हात कुठं ठेवावेत ते समजेना.

"मी कुकू नाई लावत," त्या म्हणाल्या.

"नका लावू," प्रतिमा म्हणाली. "तांदूळ घाला."

"माह्या हातानं तुले..."

"माझी गाठ तुमच्या हाताला पहिल्यांदा लागली. तेव्हा चाललं, आता का नाही?"

सत्यभामाबाई पाटासमोरून बाजूला झाल्या. अगदी थोड्याच, पण पहिली भरायची जागा रिकामी झाली. रुख्मिणीनं आपल्या कमरेची गाठ सोडली आणि ते साठ रुपये जनकाबाईंच्या हातात परत दिले. जनकाबाईंनी तांदळाची ओंजळ घेतली, तिच्यात नोटा खुपसल्या, आणि डोळे मिटून प्रतिमाच्या पदरात सोडली. निम्मे तांदूळ बाहेर पडले.

"धड भरता बी येत नाई मले," त्या पुटपुटल्या. "सवय नाई."

प्रतिमा हसली. गेल्या महिन्यातलं हे तिचं पहिलं हसू होतं की काय, कोण जाणे. कोकिळानं नंतर तसं गल्लीत सांगितलं. मग सत्यभामाबाईंनी भरली, मग रुख्मिणीनं, मग बाकीच्यांनी. आणि ओटी संपता संपता प्रतिमाचे प्रश्न सुरू झाले. शेगावहून गाडीत बायकांचा डबा वेगळा असतो का? तिथं शेगडी न्यावी की विकत मिळते? भूल उतरल्यावर पाणी देतात का? बायकांना त्यातलं एकही माहीत नव्हतं. तरी प्रत्येक प्रश्नाला दोघी-तिघींनी उत्तर दिलं.

*

मधल्या सुट्टीत गोपाळ मास्तर घरी आले, तेव्हा दारात वहाणांची रास होती. ते उंबऱ्यावर थांबले. बायकोच्या ओटीत नारळ होते, तांदूळ होते, आणि तांदळातून नोटांची टोकं बाहेर आलेली होती. ते ताबडतोब चष्मा काढून पुसू लागले.

"हे हिंमतरावांचे," ते म्हणाले. "मी परत केले होते."

"तुम्ही पाकीट परत केलं," प्रतिमा म्हणाली. "ही ओटी आहे. माझी आहे."

"पण आपण हे कधी... आपल्याकडून फिटलं नाही तर? आणि समजा..." त्यांना पुढचं बोलवेना.

"समजा मी मेले, तर. मला माहीत आहे काय झालंय ते. डॉक्टरांची चिठ्ठी मी वाचली." ती थांबली. "मेले तर तुम्ही हिंमतरावांच्या तोंडाकडे बघा. तुम्हाला अवघड जाईल. पण त्या अवघडासाठी मी इथं बसून राहू का?"

मास्तरांनी चष्मा घातला. बहुधा त्या महिन्यात त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं ते तेव्हाच. कपाळभर कुंकू, मांडीवर हिरवं पातळ, आणि उत्तराची वाट पाहणारे डोळे. बायका मुकाट्यानं उठून भिंतीला लागल्या. जनकाबाईंनी सवयीनं पाठ केली.

मास्तर खोलीत आले. ट्रंकेजवळच्या कोनाड्यातून त्यांनी कागद घेतला, टाक घेतला, जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांचं अक्षर गावात सगळ्यांत सुरेख होतं, आणि आज पहिल्या ओळीतच शाई पसरली.

"रजा कधीपासून लिहू?" त्यांनी विचारलं.

"सोमवारपासून."

त्यांनी लिहिलं. टाक हवेत थांबला. अर्जाच्या नमुन्यात त्यापुढे आणखी एक रकाना होता, आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नसे.

प्रतिमा ओटी सावरत त्यांच्याकडे सरकली आणि कागदात डोकावली.

"परत हजर व्हायची तारीख घाला ना," ती म्हणाली. "आणि माझ्याबरोबर परत येणार, असं लिहा."

"असं लिहायची पद्धत नाही गं," मास्तर म्हणाले, आणि लिहिलं.